काटेबाईंनी न पाहिलेली वार

काटेबाईंना काटेबाई म्हणायला पहिल्यांदा कोणी सुरुवात केली, ते आता त्यांनाही सांगता यायचं नाही. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. इस्पितळाच्या तळघरात तपासणीची खोली, खोलीत स्टीलचं लांब टेबल, टेबलावर वजनाचा काटा आणि त्या काट्यामागे सव्वीस वर्षं उभ्या राहिलेल्या या बाई. मग लोक दुसरं काय म्हणणार? आणि काट्यावर त्या काय ठेवायच्या, तर वार. दचकू नका. बाळामागून जी बाहेर पडते, जिनं नऊ महिने त्याला आईच्या रक्तातून खाणंपिणं आणि हवा पुरवलेली असते, आणि बाळ एकदा रडलं की जिची कोणी विचारपूसही करत नाही, तीच ती.

"बाळाला बघायला सगळे लोटतात," काटेबाई म्हणायच्या. "जिनं राबून राबून ते वाढवलं, तिला बघायला नको कोणी? मी बघते."

बघायच्या म्हणजे तरी कशा! बाळंतपणाचा विभाग तिसऱ्या मजल्यावर. तिथून सामानाच्या छोट्या लिफ्टमधून झाकणाची पांढरी बादली खाली यायची. बादलीवर बाळंतिणीच्या नावाचं लेबल, सोबत एक कागद, आणि कागदावर एक रकाना, 'पाठवण्याचे कारण'. बाई आधी लेबल आणि कागद ताडून बघायच्या, मग हातमोजे चढवायच्या. कडेचे पापुद्रे कात्रीनं छाटायचे, नाळ मुळाशी कापायची, चिकटलेल्या रक्ताच्या गाठी पुसायच्या आणि मगच वार काट्यावर ठेवायची. हा क्रम कोणी मोडला की संपलं. एका नव्या डॉक्टरांनी एकदा नाळेसकट वार काट्यावर ठेवली, तर बाई म्हणाल्या, "साहेब, तुमचं वजन करायचं झालं तर बूट, कोट आणि डब्याची पिशवी धरून करायचं का?" साहेब पुन्हा काट्याकडे फिरकले नाहीत.

शेजारच्या खोलीत काचपट्ट्यांवर गुलाबी-जांभळा रंग चढवणारा एक सहकारी होता, बाईंपेक्षा दोन-चार वर्षांनी धाकटा. त्याची बोटं बारा महिने गुलाबी, म्हणून तो रंगारी. त्याला बाईंची परीक्षा घ्यायची फार हौस. मध्येच दारातून मान काढून विचारायचा, "बाई, गेल्या मंगळवारची जुळ्यांची?"

"एक चारशे दहा, एक तीनशे ऐंशी," बाई मान वर न करता सांगायच्या.

रंगारी कागद काढून बघायचा आणि कपाळावर हात मारून घ्यायचा. सव्वीस वर्षांत बाईंचा एक आकडा चुकला नव्हता. घरी मात्र आकड्यांना बंदी होती. बाईंचे यजमान, निवृत्त बस ड्रायव्हर, जेवायला बसायच्या आधीच हात जोडायचे. "आज वजनं नकोत हं. घास उतरू दे."

आता मुख्य गोष्ट. अकरा वर्षांपूर्वी कागदावर एक नवा चौकोन छापून आला. गर्भधारणा आपोआप राहिली की आयव्हीएफनं, त्यावर खूण करायची. आयव्हीएफ म्हणजे बाहेर प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत, स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र आणायचे आणि तयार झालेला गर्भ चार-पाच दिवसांनी आईच्या पोटात सोडायचा. बाईंना कुतूहल वाटलं. त्यांनी एक जाड पुठ्ठ्याची वही उघडली आणि त्या चौकोनात खूण असलेल्या प्रत्येक वारेची घरी आल्यावर स्वतःपुरती नोंद ठेवायला लागल्या. वजन, नाळेची जागा आणि पहिल्या रकान्यात एकच शब्द, 'काच'. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी मागितलं नव्हतं. सवय, दुसरं काय.

वही भरत गेली तसा बाईंच्या मनात एक किडा शिरला. काचेतल्या वारा जरा जड भरायच्या. आणि नाळ, जी मध्यावर किंवा मध्याच्या आसपास लागायला हवी, ती यांच्यात दर तिसऱ्या वारेला पार कडेला चिकटलेली. दर तिसऱ्या! आणि कारणांच्या रकान्यात काय, तर बाळाची वाढ कमी, आईचा रक्तदाब, दिवस भरायच्या आत प्रसूती. बाईंनी तोंडातून ब्र काढला नाही. पण एखाद्या बाईनं 'आमच्या सुनेचं आयव्हीएफ चाललंय' म्हटलं की या उगाच विषय बदलायच्या.

आणि मग हे सगळं घरातच आलं.

बाईंना लेक एकच. नकाशे काढायच्या ऑफिसात नोकरी करणारी, आईसारखीच फटकळ. जावई शाळेत गणित शिकवणारा, शांत, चष्म्याच्या काचा शर्टाला पुसणारा. लग्नाला सात वर्षं झाली, औषधं झाली, वाट बघणं झालं, दोनदा राहिलेले दिवस तिसऱ्या महिन्यात गेले. एका रविवारी दोघं आले आणि लेक म्हणाली, "आई, आम्ही आयव्हीएफ करायचं ठरवलंय."

कोणत्याही आईनं पोरीला जवळ घेतलं असतं. बाई म्हणाल्या, "अजून एक वर्ष थांबा की."

"सात वर्षं थांबलेय आई. आणखी थांबून काय उजेड पडणार आहे?"

"तसं नाही गं..."

"मग कसं?"

वहीतलं पोरीला सांगायचं कोणत्या तोंडानं? त्या चहा ठेवायला उठल्या. लेक त्या दिवशी चहा न घेताच गेली.

पहिल्या खेपेला जमलं नाही. दुसऱ्या खेपेला, गोठवून ठेवलेल्या गर्भातला एक सोडला, तो रुजला. बाईंना आनंद झाला नाही असं कोण म्हणेल? स्वयंपाकघरात त्या एकट्याच रडल्या, डोळे पुसले, बाहेर येऊन यजमानांच्या पाठीत धपाटा घालून म्हणाल्या, "आजोबा झालात, बसलाय काय!" पण आनंदाच्या मागोमाग तो किडा होताच. दर सोनोग्राफीनंतर फोन जायचा, आणि बाई पहिला प्रश्न विचारायच्या, "नाळ कुठे लागलीय ते दिसलं का?"

"आई, बाळाला हातपाय आहेत का ते तरी आधी विचार!"

"ते असणारच गं. नाळेचं काय म्हणाले?"

"त्यांनी पाहिली असेल, काही बोलले नाहीत. ठेवते फोन."

सातव्या महिन्यात लेक आठ दिवस आईकडे राहायला आली. तिच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली होती आणि चार जिने चढायला डॉक्टर नको म्हणाले होते. गुरुवारी दुपारी बाई कामावर, यजमान बाहेर. लेकीला कुठलासा नंबर लिहून घ्यायला पेन हवं होतं. तिनं टेबलाचा खण ओढला. पेन सापडलं नाही, वही सापडली.

संध्याकाळी बाई घरी आल्या तर लेकीची बॅग दारात. वही मांडीवर उघडी.

"हे काय आहे?"

बाईंच्या चपला काढायच्या राहिल्या. "कामाचं आहे ते. दे इकडे."

"कामाचं इस्पितळात असतं. हे तुझं आहे." लेकीनं पानावर बोट ठेवलं. "काच. काच. काच. दोनशे बारा वेळा काच. आई, म्हणून तू म्हणालीस थांबा. म्हणून तो नाळेचा जप. पोटात लाथ मारणारं बाळ आहे माझं, आणि तुझ्या लेखी ते काय, दोनशे तेरावं?"

"तसं नाही गं बाळा, मला काळजी..."

"काळजी आहे तर मला सांगायचीस! मी काय कुक्कुलं बाळ आहे? दोन वर्षं माझ्या तोंडावर हसतेस आणि खणात हे ठेवतेस?" तिचा आवाज चिरकला. "प्रसूतीच्या दिवशी तू वर येऊ नकोस. मी बोलावीन तेव्हा ये. नाहीतर तू बाळाकडे बघायची सोडून बादलीत डोकावशील."

जावई घ्यायला आला. तो बिचारा नुसता "येतो, आई" म्हणाला आणि बॅग उचलून गेला. इमारतीची लिफ्ट अजून बंदच होती. लेक चार जिने चढून घरी गेली, दर मजल्यावर थांबत, हे बाईंना जावयाकडून दुसऱ्या दिवशी कळलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

यजमानांनी कधी नव्हे ते स्वतःहून विषय काढला. "त्या वहीत खरंच असं काही आहे का?"

"आहे."

"मग एकटीच कुढत काय बसलीस? तुमच्यात शिकलेली माणसं आहेत ना? दाखव की कोणाला."

सव्वीस वर्षांत नवऱ्यानं कामाबद्दल दिलेला हा पहिलाच सल्ला. बाईंनी तो मुकाट्यानं घेतला.

त्यांच्या विभागाच्या प्रमुख म्हणजे एक डॉक्टरीणबाई. उंच, बोलायला मऊ, पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की हाक मारलेली ऐकू न येणाऱ्या. काटेबाईंनी त्यांच्यासमोर वही ठेवली आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या. डॉक्टरीणबाईंनी पानं उलटली. अर्धी वही होईपर्यंत त्या वाचतच राहिल्या.

"अकरा वर्षं लिहिताय? एकट्या?"

"हो. चुकलं का माझं?"

"चुकलं म्हणजे, इतकं नेटकं काम माझ्या हाताखालच्या डॉक्टरांनीही केलेलं नाही." त्यांनी चष्मा काढला. "आणि तुम्हाला जे दिसलं, ते अगदीच खोटं नाही. ज्यांनी यावर अभ्यास केलाय त्यांनाही काहीसं असंच दिसलंय. वार सरासरीनं जरा जड, नाळ कडेला जरा जास्त वेळा. थांबा, दाखवते."

त्या बाईंना रंगारीच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे भिंतभर काचपट्ट्यांची कपाटं, शेकडो छोटे खण, प्रत्येक खणावर चिठ्ठी. रंगारी बरणी धरून बघत राहिला.

"माणसाच्या प्रत्येक पेशीत असं एक भरलेलं कपाट असतं समजा. खणांतला माल सगळ्या पेशींत तोच. पण यकृताच्या पेशीनं कोणते खण उघडायचे, वारेच्या पेशीनं कोणते, हे वरच्या चिठ्ठ्या सांगतात. हा उघड, हा उघडू नको. माल बदलत नाही, चिठ्ठ्या बदलतात. गर्भ तयार झाला की पहिल्या चार-पाच दिवसांत जुन्या चिठ्ठ्या बऱ्याचशा निघतात आणि नव्या लागायला लागतात."

"आणि नेमके तेच दिवस काचेत," काटेबाई म्हणाल्या.

"बरोबर. पोटातली ऊब वेगळी, बशीतलं पाणी वेगळं. कितीही जपलं तरी एखादी चिठ्ठी जरा इकडची तिकडे लागत असावी, असं वाटतं. शिवाय गर्भाच्या त्या चिमुकल्या गोळ्यातल्या बाहेरच्या पेशींची वार होते आणि आतल्या मूठभर पेशींचं बाळ. बाहेरच्यांना जे सोसायचं ते जास्त सोसावं लागतं. म्हणून फरक वारेत जास्त दिसत असेल. असेल म्हणते हं. अजून कोणी छातीठोकपणे सांगत नाही. आणि यातली बहुतेक मुलं चारचौघांसारखी खेळतात, शाळेत जातात, उच्छाद मांडतात."

"मग माझ्या वहीत अशी रड का? दर तिसरी?"

डॉक्टरीणबाई हसल्या, पण मायेनं. "काटेबाई, मला एक सांगा. वर रोज किती बाळंतपणं होतात?"

"वीस तरी."

"आणि तुमच्याकडे बादल्या किती येतात?"

"दोन. फार तर तीन."

"मग बाकीच्या वारा कुठे जातात?"

कुठे जातात हे काटेबाईंना चांगलं ठाऊक होतं. ज्या बाळंतपणात काही खुट्ट झालं नाही, त्या वारेवर वरचे डॉक्टर एक नजर टाकतात आणि ती कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून परस्पर जाते. कागद नाही, बादली नाही, काटा नाही.

"तुमच्याकडे येतात त्या तक्रारवाल्याच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काचेतल्या असोत नाहीतर आपोआपच्या. तुमची वही खरी आहे, पण ती फक्त दुखण्यांची वही आहे. सव्वीस वर्षांत तुम्ही धडधाकट बाळंतपणाची एकसुद्धा वार पाहिलेली नाही."

रंगारीच्या हातातली बरणी तशीच राहिली. काटेबाई कपाटाला टेकल्या. एवढी साधी गोष्ट! रोज 'पाठवण्याचे कारण' वाचायचं आणि हे डोक्यात येऊ नये? त्यांना हसू आलं, स्वतःचा राग आला, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा छाती भरून श्वास घेता आला. "अगं बाई," त्या एवढंच म्हणाल्या, "मी तर दवाखान्याच्या दारात बसून म्हणत होते, जगात सगळेच आजारी."

जेवणाच्या सुट्टीत त्या जिना चढून इस्पितळाच्या आवारात गेल्या, कारण तळघरात मोबाईल लागायचा नाही. लेकीनं चौथ्या घंटेला उचलला.

"आई, नाळेबद्दल काही बोलणार असशील तर..."

"नाही, ऐक. एकदाच बोलते. मी चुकले. मी आजवर एकही बरी वार पाहिलेली नाही गं. बऱ्या वारा माझ्याकडे येतच नाहीत. दुखणाईत तेवढ्या बघितल्या आणि त्यावरून तुझ्या पोराची कुंडली मांडून बसले. आणि तो शब्द लिहायला नको होता मी. काचेतलं कोणी नसतं. चार दिवस काचेत, नऊ महिने तुझ्यात."

बाईंनी फोन कानाला घट्ट दाबला.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," लेक म्हणाली. "बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. मला झोप आलीय." आणि फोन ठेवला. पण आवाजातली धार जरा बोथट झाली होती, आईला ते कळतं.

पुढचे दोन महिने लेकीचा निरोप जावयामार्फत यायचा. वजन ठीक, रक्तदाब ठीक, पाय सुजलेत पण तेवढे चालतात म्हणे. बाईंनी नाळेचं नाव काढलं नाही. जीभ कितीदा वळवळली, पण दातांखाली धरली. डोक्याला पटलं होतं सगळं. पण डोक्याला पटलं म्हणून काळजाला पटतं थोडंच? फरक थोडा असतो, पण असतो, आणि तो थोडा आपल्याच पोरीच्या वाट्याला आला तर? नेमकं आपलंच बाळ कोमेजलं तर?

बुधवारी सकाळी सहाला जावयाचा फोन आला. कळा सुरू झाल्यात, इस्पितळात पोचलोय.

"मी येऊ का?" बाईंनी विचारलं.

जावई अडखळला. "ती म्हणते... बोलावते म्हणून."

यजमान म्हणाले रजा टाक, घरी बस. बाई म्हणाल्या, "घरी बसून भिंती मोजू का?" आणि त्या कामावर गेल्या. वर तिसऱ्या मजल्यावर लेक, खाली तळघरात आई, मध्ये ती सामानाची लिफ्ट. बाईंचा हात कामात आणि कान लिफ्टच्या घंटीकडे. बादली येणं म्हणजे काय, हे आता त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आज बादली आली नाही की जिंकलो.

साडेनऊला घंटी वाजली. बाई लिफ्टकडे धावल्या. लेबल वाचलं. दुसऱ्याच कोणाचं. त्यांनी ती वार साफ केली, मापली, लिहिली, आणि त्या अनोळखी बाळंतिणीबद्दलही आज त्यांना भरून आलं. अकराला पुन्हा घंटी. ती बादलीच नव्हती, रिकाम्या बरण्यांचं खोकं होतं. बाईंनी खोकं धाडणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या हासडल्या. बारा वाजले. साडेबारा. बाईंना वाटायला लागलं, झालं असेल, बरंच झालं असेल, काही न येणं हीच खूण.

पाऊणला घंटी वाजली.

बाई हातमोजे घालून कात्री धूत होत्या, म्हणून रंगारी पुढे झाला. त्यानं बादली बाहेर काढली, लेबल वाचलं, आणि काही न बोलता बादली फिरवून लेबल भिंतीकडे केलं. वीस वर्षं सोबत काम केलेल्या माणसाला काय फसवणार तो?

"इकडे कर," बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही जरा बसा."

"इकडे कर म्हणते ना!"

त्यानं बादली फिरवली. लेबलवर लेकीचं नाव होतं.

बाईंनी टेबलाची कड धरली. नळ तसाच वाहत होता, तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही. त्यांना काही दिसेना, फक्त ते पांढरं झाकण दिसत होतं. सव्वीस वर्षं ज्या बादल्या त्या सहज उघडत आल्या होत्या, त्यांतल्या प्रत्येक बादलीमागे वर कोणीतरी असं कड धरून उभं असणार, हे त्यांना त्या क्षणी कळलं. "कागद," त्या कशाबशा म्हणाल्या. "कारण वाच. मला वाचवत नाही."

रंगारीनं कागद उलगडला. एकदा वाचला. पुन्हा वाचला. त्याचे खांदे हलायला लागले. आणि हा माणूस चक्क हसत होता!

"मेल्या, हसतोस काय?"

"बाई, ऐका. वरच्या डॉक्टरांच्याच अक्षरात आहे." त्यानं गुलाबी बोट ओळीवरून फिरवत वाचलं. "पाठवण्याचे कारण : तक्रार काही नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप. बाळंतिणीने हट्टाने पाठवायला लावली आहे. आजीला एक बरी वार बघायची आहे."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते हेच. त्या रडत होत्या, हसत होत्या, हातमोज्याच्या पाठीनं नाक पुसत होत्या, जे करू नये म्हणून त्यांनी आजवर शंभर जणांना झापलं होतं. आजी! पहिल्यांदा त्यांना कोणी आजी म्हटलं, तेही तपासणीच्या कागदावर.

खोलीचा एक नियम होता, आपल्या माणसाचा नमुना आपण हाताळायचा नाही. रंगारी धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. त्यांनी बांगड्या काढल्या, हातमोजे चढवले आणि कात्री घेतली. काटेबाई हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या. पापुद्रे छाटले गेले. नाळ दिसली. ती मध्यावर नव्हती. कडेपासून जेमतेम दीड सेंटिमीटरवर होती.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. मग त्यांनी वार काट्यावर ठेवली आणि आकडा वाचला. "जरा जड आहे," त्या म्हणाल्या. "थोडीशीच."

म्हणजे बाई ज्याला अकरा वर्षं भ्यायल्या होत्या ते इथे होतं, दोन्हीच्या दोन्ही. आणि बाळ-बाळंतीण सुखरूप. बाई खाली वाकल्या. लालबुंद, ओली, भरलेली वार. शिरा कडेपासून निघून आडव्या-तिडव्या होत पार पलीकडच्या टोकापर्यंत पोचल्या होत्या, एकही कोपरा उपाशी ठेवला नव्हता. "बघा कशी वाट काढलीय हिनं," त्या पुटपुटल्या. "शाबास गं. शाबास."

तेवढ्यात जिन्यावरून धापा टाकत जावई आला. चष्मा कपाळावर. "आई, अहो फोन का लागत नाही तुमचा? वीस वेळा केला! मुलगी झाली. ती म्हणते, बादली पोचली असेल तर आजीला वर बोलवा."

बाईंनी ॲप्रन तिथेच टाकला. चार मजले त्या जावयाच्या पुढे चढून गेल्या.

लेक उशीला टेकून बसली होती, केस कपाळाला चिकटलेले, चेहरा पांढरा आणि डोळे मात्र आईला चिडवणारे. कुशीत पांढऱ्या कापडात एक लालसर मूठ दिसत होती. बाईंनी पोर उचलून घेतली. नाक जावयाचं, हनुवटी लेकीची, आणि भुवया अशा ताणलेल्या की आल्या आल्याच काहीतरी तक्रार होती. बाई बघत राहिल्या. किती वेळ, कोण जाणे.

"आई."

"हं."

"मी नऊ महिने हा प्रश्न चुकवलाय, म्हणून आता विचारते. नाळ कुठे होती?"

"कडेला," बाई म्हणाल्या. आता लपवायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. "पार कडेला होती."

लेकीच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर थांबलं. तिनं बाळाकडे बघितलं. बाळानं जांभई दिली.

"आणि भरली किती?"

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आकडा ओठांवर यायला हवा होता. डॉक्टरीणबाईंनी तो मोठ्यानं वाचला होता, दहा मिनिटंही झाली नव्हती. पाचशे... पाचशे किती? पोरीनं त्यांचं बोट धरलं होतं आणि सोडत नव्हती. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा आठवून बघितलं, आणि हळूच मान हलवली.

"विसरले गं," त्या म्हणाल्या.